वाइनला दाखवलेलं ऊन

बाबांसोबत प्लांटमध्ये काम करणारा एक रशियन इंजिनिअर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याने बाबांना एक बाटली दिली. आम्ही त्याला रशियनच म्हणायचो. तो मात्र मी जॉर्जियाचा, असं सांगून सांगून थकला. त्याचं गाव कॉकेशसच्या डोंगरात. तिथे थंडी लवकर पडते, त्यामुळे द्राक्षाचा रस पुरता आंबत नाही आणि वाइन गोडसर राहते, असं तो मोडक्या हिंदीत समजवायचा. मुलगी झाली की त्यांच्याकडे वाइनचा रांजण जमिनीत पुरायचे आणि तिच्या लग्नात उघडायचे. ही बाटली त्याच्या मुलीच्या रांजणातली. तुझ्या मुलीच्या लग्नात एक घोट घे आणि कशी होती ते पत्राने कळव, एवढंच त्याने मागितलं. बाबांनी शब्द दिला. मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि आमच्या घरात खोकल्याचं औषधही दारूचा वास येत नाही ना, हे बघून मगच प्यायलं जायचं.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये, बाटली शोकेसमध्ये गेली. पाहुणे आले की आई तिच्यापुढे देवाची तसबीर उभी करायची. आणि दर एप्रिलमध्ये अंगणातल्या खाटेवर मुगवड्या, कुरड्या आणि लोणच्याच्या बरण्यांच्या ओळीत ती बाटलीही मांडायची.

"तिले कावून तापवून राहिली?" बाबांनी एकदा विचारलं.

"ऊन नाही दाखवलं तं बुरशी येते," आई म्हणाली.

ठेवणीतली वस्तू टिकवायची म्हणजे तिला ऊन द्यायचं, हे ती माहेराहून शिकून आली होती. बाबांनी वाद घातला नाही. वाइनमधलं त्यांनाही ओ की ठो कळत नव्हतं.

माझं लग्न ठरलं आणि बाबा गेले. सकाळी फर्स्ट शिफ्टला गेले, दुपारी शेजारी निरोप घेऊन आले. वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं मोठ्यांचं म्हणणं पडलं. चौथ्या महिन्यात दारात मांडव पडला. मला हळदीला रडू आलं नाही, मंगलाष्टकांना आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

पाठवणीच्या आधी आईने मला स्वयंपाकघरात नेलं आणि आतून कडी लावली. ओट्यावर बाटली होती.

"त्यायनं शब्द देल्ला होता," ती म्हणाली.

बूच सुरीने खरवडून काढलं, अर्धं आतच पडलं. आईने स्टीलच्या वाटीत थोडी वाइन ओतली. रंग कोऱ्या चहासारखा झाला होता. मी घोट घेतला. निव्वळ व्हिनेगर, घशापर्यंत चरचरत गेलं.

"कशी हाये?"

दहा-बारा उन्हाळे तिने ती जपली होती.

"गोड हाये," मी म्हणाले.

तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि उरलेलं एका दमात पिऊन टाकलं. तिचं तोंड वाकडं झालं. वाटी विसळून पालथी घातली.

"तसंच लिहून दे त्या रशियनले," ती म्हणाली. "अन् हे गेले ते नको लिहू."

सासरी तिसऱ्या दिवशी मी इंग्रजीत पत्र लिहिलं. मुलीचं लग्न झालं, मी घोट घेतला, वाइन गोड होती. खाली बाबांची सही केली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर मी चोरून करायचे, तशीच हुबेहूब जमली, आणि तेव्हा मला रडू फुटलं.