ऑब्जेक्ट आणि आदेश जोडले कोणी?

मंडळी, आज दुपारी तुमसरला एका लग्नात माझं भांडण झालं.

ऐंशीच्या दशकात मी आणि सुधाकर भंडाऱ्यात संगणक शिकवायचो. तेव्हा आम्ही स्वतःची प्रोग्रामिंग भाषा रचत होतो. त्याला सगळंच ऑब्जेक्टच्या, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांच्या, रूपात हवं होतं. मी म्हणालो, ऑब्जेक्ट असू दे, पण त्याच्या आत साधे आदेश ओळीनं चालू दे. "ही भेसळ आहे," असं विद्यार्थ्यांसमोर सुनावून तो निघून गेला.

आज तोच पाहुण्यांना सांगत होता, "दोन्ही जोडायची कल्पना माझीच."

मी म्हणालो, "तूच तं तिले भेसळ म्हणत होता."

"जुनं कायले उकरून राहिला बे?"

मी न जेवता घरी आलो. सांगा, ज्याची कल्पना पळवली, त्याच्यासाठी ती गोष्ट जुनी कधी होते?