अवसी समोर आली

समोरून कुणी येताना दिसलं, की अवसी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रस्त्यात, नळावर, शाळेच्या व्हरांड्यात, कुठेही. येणारा पुढे निघून गेला, त्याच्या वहाणांचा आवाज थांबला, की मगच वळायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरगी लाजाळू आहे. दुसऱ्यांदा जवळून पाहिलं आणि अंगावर काटा आला. ती लाजत नव्हती. भिंतीपासून वीतभर अंतरावर, डोळे सताड उघडे ठेवून, शांत उभी होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नांदुऱ्यात मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले होते. हजेरीपटावर तिचं नाव शांता. पण जन्म अवसेचा. जन्मताच आई गेली आणि पाठोपाठ बाप साप चावून गेला. मग शांता म्हणणार कोण? विधवा आत्यानं तिला वाढवलं. आत्या गावाबाहेरच्या छोट्या वाडीत राहायची आणि तिथे वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून विकायची. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला अवसी समोर आली, तर तो घरी परतायचा, बसून घोटभर पाणी प्यायचा आणि नव्यानं निघायचा. ही तिथली रीतच होती. “माहं तोंड दिसलं नाई का त्यायले वापस जा लागत नाई, बाई,” एवढंच ती मला म्हणाली. तक्रारीचा सूर औषधालाही नव्हता.

त्या वर्षी मॅट्रिकच्या पुस्तकात एक गोष्ट नेमलेली होती. गावकुसाजवळच्या झोपडीत एक म्हातारी राहते. छपरावर घुबड बसतं म्हणून गाव तिला चेटकीण ठरवतं. एक दिवस गावातलं पोर हरवतं. म्हातारीनंच नेलं, असं म्हणून लोक झोपडी पेटवतात. पोर आतच असतं. तापानं फणफणलेलं ते पोर रानात सापडलं म्हणून म्हातारीनं उचलून आणलेलं असतं. गोष्ट वाचून झाली तेव्हा अर्धा वर्ग पदराला डोळे पुसत होता. सर्वांत जास्त रडली ती कुसुम, धान्याच्या अडत्याची मुलगी. अवसी कोरडी होती.

मी फळ्यावर लिहिलं, घुबड हे मृत्यूचं प्रतीक. मागून आवाज आला, “बाई, घुबड उंदरं खाते. आमच्या वाडीत दोन हायेत. त्यायले कोनी इचारलं का, तुमी मृत्यू हाये का म्हनून?” मुली हसल्या. मीही हसले आणि नेटानं पुढे गेले. मग शेवटातला दैवदुर्विलास समजावला. ज्याला वाचवायला निघाले त्यालाच जाळून बसले, दैवाचा खेळ पाहा, असं काहीबाही मी रंगात येऊन बोलत होते. अवसी उठली. “दैवाचा काय संबंध? काडी तं गावानं लावली.”

यावेळी कुणी हसलं नाही. मी खडू खाली ठेवला. तेव्हापासून मला ही पोरगी फार आवडायला लागली, आणि खोटं कशाला सांगू, तिची थोडी भीतीही वाटायला लागली.

उजळणीच्या दिवसांत मी तिला शेवटचा उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. ती वाचू लागली आणि हळूहळू आवाज बदलला. पुस्तकातली भाषा मागे पडली. पुस्तक मिटूनही ती बोलतच होती, वऱ्हाडीत, खर्जात, एखाद्या थकलेल्या बाईसारखी. “पानी द्या वं माय. मले नका देऊ, पोराले द्या. दार बाहिरून काऊन लावलं?” पुस्तकात हे शब्द कुठेही नव्हते. तेवढ्यात जळका वास आला. आधी वाटलं, भास आहे. मग खिडकीतून धूर आत आला आणि कुसुम किंचाळली.

शाळेजवळच्या जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची गंजी पेटली होती. दर दोन-तीन वर्षांनी पेटायचीच. कधी बिडीनं, कधी इंजिनाच्या ठिणगीनं. पण त्या दिवशी ठिणगी कुणी शोधली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं, की अवसीनं म्हातारीला अंगात आणलं आणि आग लावली. गोष्टीतल्या चेटकिणीसाठी रडलेल्या माझ्या मुलींनीच हे घरी जाऊन सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुसुमचे वडील चार पालकांना घेऊन हेडमास्तरांकडे आले. “त्या पोरीले काढा. परीक्षा तोंडावर आली, आमच्या पोरींचं काई बरंवाईट झालं म्हंजे?” शाळेतून काढलं तर तिचं मॅट्रिक संपलं, हे मला दिसत होतं. बाहेरून परीक्षेला बसण्याची ऐपतही नव्हती आणि सांगणारं माणूसही. मी तावातावानं बोलायला उठले. माझी गरजच पडली नाही. हेडमास्तरांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाले, “काढलं अन् पोरीचा तळतळाट लागला तं?” पालकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या.

मी धावत जाऊन अवसीला सांगितलं. तिला आनंद झाला नाही. “म्हंजे भेव वाटते म्हनून ठेवलं,” ती म्हणाली. “राहू द्या. परीक्षा तं देतो.”

परीक्षेचं केंद्र मलकापूरला होतं. मुलींना पहाटेच्या गाडीनं न्यायचं काम माझ्याकडे. फलाटावर पोचले तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. सगळ्या मुली आपापल्या वडिलांसोबत येत होत्या, आणि फलाटाच्या तोंडाशी, एकुलत्या एका दिव्याखाली, अवसी उभी होती. तिथे तोंड फिरवायला भिंतच नव्हती. ती प्रत्येकीकडे सरळ बघत होती. एकेक मुलगी दिव्याच्या उजेडात शिरायची, तिला बघून थबकायची आणि खाली मान घालून पुढे सरकायची. मीसुद्धा तिच्या शेजारून जाताना पाऊल लवकर उचललं.

कुसुमच्या वडिलांनी मात्र धोका पत्करला नाही. मुलीचा दंड धरून ते माघारी फिरले. घरी जाऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं! “अहो, गाडी येतेय,” मी ओरडले. “येतो बाई, दोन मिन्टात येतो,” म्हणत ते दिसेनासे झाले. गाडी आली आणि गेली. कुसुमचा मराठीचा पेपर बुडाला.

निकाल लागला. कुसुम सोडून आमच्या सगळ्या मुली पास. अवसी तर वर्गात पहिली. मला वाटलं, आता तरी गाव शहाणं होईल. गावानं आपल्या परीनं हिशेब मांडला: अवसीला बघून जी पुढे गेली ती तरली, जी माघारी फिरली ती बुडाली. आठ दिवसांत बायका आत्याच्या दाराशी यायला लागल्या. कुणाच्या मुलाची मुलाखत, कुणाचा कोर्टात निकाल. सकाळी सकाळी नारळ घेऊन ओळीनं बसायच्या आणि अवसी दारात आली की टक लावून बघायच्या. बोलायचं काही नाही, फक्त बघायचं. त्यांत कुसुमची आईही होती.

मी अभिनंदन करायला गेले तर अवसी चुलीपाशी बसली होती, पार सुकलेली. “बाई, आदी अवस केलं, आता पुनव करून राह्यले. मानूस कवा करतीन?” ती पुढे अगदी सावकाश म्हणाली, “यायच्यातल्या एकीचं जरी वाईट झालं ना, तं याच बाया उद्या राकेल घेऊन येतीन. तोंडं हेच राहतीन.” बाहेर बायकांची कुजबूज चालू होती. मला तिथे बसवेना.

अध्यापिका विद्यालयाचा अर्ज मी भरला, मार्गी लावला, आणि एके दिवशी उजाडायच्या आत तिला वरवट बकालच्या रस्त्यावर एसटीत बसवून दिलं. तिथून पुढे कुठे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खिडकीतून तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नजर खाली न घालता मीही पाहिलं. सतरा-अठरा वर्षांची पोरगी होती, बस्स. नाकावर घाम, वेणी उसवलेली. मला रडू आलं.

परत येताना वाडीच्या वाटेवर बायका भेटल्या. हातात हळदकुंकवाची तबकं. पोरगी गेली एवढंच सांगून आत्यानं दार लावून घेतलं, म्हणून त्यांनी उंबऱ्यालाच कुंकू वाहिलं होतं. कुसुमच्या आईनं माझा हात धरला. “बाई, कोन्या बाजूनं गेली वं? तिच्या पावलाखालची माती तरी पोरीच्या कपायाले लावतो.”

मी स्टेशनकडे बोट दाखवलं. त्या सगळ्या तिकडे धावत सुटल्या.