तात्यांसाठी राखलेली केळी

लग्न होऊन मी निरवांगीला आले, त्याच वर्षी आमच्या केळीची पहिली तोड झाली. नव्वदनंतरची गोष्ट. बाग सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी, मिळून लावलेली. पुढं ठिबक बसवायचं की पाटानंच पाणी द्यायचं यावरून दोघांचं बिनसलं. तात्या बारामतीला कंपनीत कामाला लागले आणि त्यांचं घरी येणंच बंद झालं.

तोडीच्या दिवशी व्यापाऱ्यानं चांगले घड ट्रकमध्ये भरले आणि मार लागलेले बांधावरच टाकले. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तात्या आला की त्येला देऊ."

मार लागलेली केळी लवकर पिकतात. तात्या येईपर्यंत ती टिकावीत म्हणून सासूबाईंनी मला हाताशी घेतलं. आम्ही फण्या सुट्या केल्या, चीक धुतला, देठांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या घट्ट बांधल्या. मागच्या गार खोलीत फण्या एकमेकींना लागणार नाहीत अशा मांडल्या आणि खिडकीला ओलं गोणपाट लावलं. एखादं केळं पिवळं दिसलं की मी ते लगेच बाहेर काढायची. तसंच राहिलं तर शेजारचीही पिकायला लागायची.

"भावजींना सांगावा धाडू का?" सासूबाई अधूनमधून विचारायच्या.

"कशाला? तोड झाल्याली त्येला कळली आसंल. ल्हान हाय त्यो. त्यानंच यावं."

तात्या आले नाहीत. ओलं गोणपाट लावूनही खोलीत पिकल्याचा वास दाटला. मग एका सकाळी आबांनी त्यातल्या त्यात बऱ्या फण्या टोपलीत घेतल्या आणि मला बरोबर घेऊन बारामतीची एसटी धरली.

तात्यांच्या खोलीवर पोचेपर्यंत केळी काळी पडली होती. तात्यांनी एक सोललं, मऊ झालेला भाग काढून टाकला आणि उरलेलं सावकाश खाल्लं.

"आबा, एक सांगावा धाडायचा व्हता. त्याच दिशी आलो आसतो मी."

आबा टोपलीकडं बघत म्हणाले, "व्हय. धाडायला पायजे व्हता." मग म्हणाले, "चल की घरला."

"आता न्हाय जमायचं. पोरांची नावं हितल्या शाळंत घातल्यात."

पुढच्या साली बाग मोडून आबांनी ऊस लावला. तात्या सणाला यायचे, पण पाहुण्यासारखे. चहा घेऊन दिवस मावळायच्या आत निघायचे. आबा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला जायचे आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ तिथंच बसून राहायचे.