पंडूम झाल्यावर या

एटापल्लीकडच्या त्या गावात चारोळी पिकायच्या आधीच ओरबाडली जायची. आपण नाही तोडली तर दुसरा तोडेल, ही भीती. गावातल्याच रुखमाने दाणा विकायला बी फोडायची मशीन बसवली खरी, पण कच्च्या फळातून निघायचा नुसता पोचट दाणा. तिचं डोकं फिरायचं.

पंडूमची पूजा झाल्याशिवाय नव्या फळाला हात लावायचा नाही, हा गावाचा जुना नेम. पूजा अजूनही व्हायची, पण तोवर झाडं रिकामी झालेली असायची. रुखमा गावसभेत कडाडली, "देवाले रिकाम्या फांद्या दाखवून राह्यले तुम्ही! लाज नाई वाटत?"

त्या वर्षी गाव थांबलं. तिचा दाणा घेणारा नागपूरचा मिठाईवाला मात्र लवकर माल द्या म्हणून अडून बसला.

"पंडूम झाल्यावर या, शेठ," रुखमाने सांगून टाकलं.

तो तणतणत गेला. पण पिकल्या चारोळीचा टपोरा दाणा बाजारात दिसला, तसा मुकाट्याने परत आला.

परवा गडचिरोलीच्या उद्योजक शिबिरात पाहुणी म्हणून गेलेल्या रुखमाला पोरांनी विचारलं, "बाई, धंद्यात मोठं कसं व्हायचं?" ती उत्तर जुळवत होती, तोच फोन वाजला. शेठचं नाव पाहून तिने स्पीकर लावला.

"रुखमाबाई, यंदा पंडूम कधी आहे?"