त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची

खुर्च्यांना वेताच्या बैठका विणणाऱ्या वेतवाल्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी खुर्च्याच दिसायच्या. भिंतीला टेकलेल्या, एकमेकींवर चढवलेल्या आणि सगळ्या बिनबैठकीच्या. दुरुस्तीला टाकून गेलेली माणसं पुन्हा फिरकली नव्हती. बाजारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या आणि इकडे वेतवाल्यांची बोटं वाकून बसली होती. उजेड कलला की त्या भोकांतून कोणीतरी बघतंय असं वाटायचं. शेजारची इस्त्रीवाली तर उंबऱ्यावरूनच बोलून परत जायची.

धड खुर्ची घरात एकच होती आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. जेवताना ती टेबलाशी ओढायची, तिच्यापुढे ताट मांडायचं आणि घरच्यांनी बाकावर बसायचं. "तो कधीतरी येईल, तेव्हा त्याला जागा नको?" वडील म्हणायचे. तो म्हणजे देव. मागायचं ते त्याच्याकडेच, दुसऱ्या कोणापुढे हात पसरायचा नाही, हेही त्यांचंच सांगणं. वडील गेले, खुर्ची राहिली. वेतवाल्यांनी नुकतीच तिला नवी वीण घातली होती. वेत भिजवून, ओढून, वाळवून अशी घट्ट केली होती की नुसती टोपली ठेवली तरी ती करकरायची.

अशात सरकारने गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा सुरू केला. सायकलवरचा डबेवाला दारात आला, तर वेतवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्याला वाटेला लावलं. मानी माणूस! पण मान शिजवून खाता येत नाही. आतल्या खोलीत थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्या वाटीत भाताच्या पाण्यात शितं शोधावी लागत होती.

इस्त्रीवालीने प्रार्थनाघरातल्या गुरुजींच्या कानावर घातलं. ते काठी टेकत आले.

"घेण्यात पाप नाही हो," ते म्हणाले.

"गुरुजी, दान मनापासून दिलेलं असतं," वेतवाले म्हणाले. "हे तर लोकांच्या खिशातून कर म्हणून काढलेलं. देणाऱ्याला माहीत नाही कोणाला दिलं. त्याला मी देवाची कृपा कशी म्हणू?"

"तुम्हीही कर भरलातच की. आणि कृपा कोणत्या वाटेने यावी हे तुम्ही ठरवणार?"

वेतवाल्यांनी नुसती मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे. वयाने मोठ्या माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून.

गुरुजी गेल्यावर आतून ताईचा आवाज आला. "बाळ्या!" साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारं तेवढंच एक तोंड उरलं होतं. "तुझा नेम आहे, तू उपाशी राहा. माझ्या तोंडचा घास तू कोणाला विचारून परत पाठवलास?"

"ताई, तो देईल."

"कधी देईल रे? मी गेल्यावर?"

वेतवाल्यांना ते लागलं. रागही आला आणि रडूही आलं. त्यांनी ताईच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि प्रार्थनेला बसले. माझं राहू दे, पण हिच्यासाठी काहीतरी पाठव, एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा मागितलं.

डोळे उघडले तर खोलीत एक बाई उभी होती.

बाहेरचं दार वाजलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. बाई मध्यम वयाची, अंगावर करडी शाल, हातात झाकणाचा डबा. दुपारची वेळ, पण गल्ली एकदम चिडीचूप झाली होती. इस्त्रीवालीचा रेडिओसुद्धा ऐकू येत नव्हता.

"जेवण आणलंय," बाई म्हणाली. मग दमल्यासारखा श्वास सोडला, टेबलाशी गेली आणि त्या खुर्चीत बसली.

वेतवाल्यांच्या अंगाची लाही लाही झाली. आणि मग त्या रागातच अंगावर काटा आला. खुर्ची करकरली नव्हती. टोपलीला कुरकुरणारी खुर्ची एवढ्या बाईखाली मुकी राहिली होती.

बाईने सहज बैठकीच्या खाली हात घातला आणि वेताचं शेवटचं टोक जिथे दडवलं होतं, नेमकं तिथे बोट टेकवलं. "गाठ छान लपवलीस," ती म्हणाली. हे वाक्य वडिलांचं होतं. घरातल्या माणसांखेरीज कोणी ते ऐकलेलं नव्हतं.

"उठा," वेतवाले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "ती खुर्ची तुमची नाही."

"मग कोणाची?"

"ज्याची आहे तो येईल. तुमच्या सरकारला सांगा, या घराला डबा नको." आणि ती आत घुसेल म्हणून ते ताईच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

बाईला राग आला नाही. ती उठली, डबा उचलला आणि आली तशी निघून गेली. तिच्यामागे रेडिओ ऐकू येऊ लागला.

वेतवाले तडक इस्त्रीवालीकडे गेले. "त्या डबेवाल्याला सांगा, बायकांना पाठवू नका म्हणावं."

इस्त्री हवेतच थांबली. "कुठली बाई, काका? डबेवाला एकटाच असतो. आज तर तो अजून गल्लीत आलेलाच नाही. आणि मी सकाळपासून इथेच उभी आहे, तुमच्या दारातून कोणी गेलं नाही की आलं नाही."

वेतवाले घरी परतले. खुर्चीच्या बैठकीत खोलगट खळगा पडला होता. वर्षानुवर्षं कोणीतरी रोज बसावं, तसा. पाणी मारून वाळवलं की ढिला वेत ओढून येतो, हे त्यांना जन्मभराचं ठाऊक. पण त्या खळग्यावर हात ठेवायची हिंमत झाली नाही. ज्याची वाट बघण्यात बापाचा आणि आपला जन्म गेला, त्यालाच आपण उठवलं की काय?

त्यांनी ताईचं दार उघडलं. ताई उशीला टेकून बसली होती. कित्येक दिवसांत ती आपली आपण बसली नव्हती. तिच्या हनुवटीला भाताचं शीत चिकटलं होतं आणि खोलीत गरम भाताचा वास होता. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकीला गज होते.

"जेवलीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पोटभर. बिचारी भरवत बसली होती." ताईने तोंड पुसलं. "तुझ्यासाठी निरोप ठेवलाय तिने. म्हणाली, उद्यापासून त्याला डबा घ्यायला सांगा. मला रोज येणं जमत नाही, म्हणून तर ही व्यवस्था लावून दिलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेतवाले उंबऱ्यातच उभे होते. डबेवाला नेहमीप्रमाणे मान खाली घालून पुढे निघाला होता. त्यांनी हाक मारली, दोन्ही हात पुढे केले आणि डबे घेतले.

"ऊन फार आहे. घोटभर पाणी पिऊन जा," ते म्हणाले आणि टेबलाजवळची ती खुर्ची त्याच्यासाठी ओढली. "बसा."

डबेवाला त्या खळग्यातच बिचकत बसला. खुर्ची जोरात करकरली.