हमीदामावशींच्या गालातला धागा

"ताई, गाल परत खाली आला बगा," हमीदामावशी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. आरसा द्यायची गरजच नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी धागे घालून उचललेला ओठांचा डावा कोपरा पूर्वी होता तिथेच येऊन बसला होता.

लोणावळ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये थ्रेड लिफ्टला, म्हणजे असा धाग्यांनी चेहरा उचलून घ्यायला, येतात त्या बहुतेक बंगलेवाल्या. हमीदामावशी टाकवे बुद्रुकच्या, बांगड्या विकणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्याची नस गेली आणि डावा गाल लोंबला. मोठं ऑपरेशन त्यांना नको होतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला देखनं दिसायचं न्हाई. मला चहा प्यायचाय."

चहा घेतला की ओघळ हनुवटीवर यायचा. म्हणून त्या कुणाकडेच चहा घेईनाशा झाल्या. ज्या घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या हातांत त्यांनी बांगड्या भरल्या, तिथल्या बायका रुसून म्हणू लागल्या, मावशीला आता आपल्या घरचं चालत नाही. खरं सांगायची मावशींना लाज वाटायची. ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी घाई केली.

हा धागा शरीरात हळूहळू विरघळतो. त्याला बारीक काटे असतात. कपड्याला कुसळ धरतं तसे ते आतल्या मांसाला धरतात. एका प्रकारात काटे धाग्यालाच चिरा देऊन काढतात, त्यामुळे धागा तिथे कमजोर होतो. दुसऱ्यात धागा आणि काटे एकाच साच्यातून निघतात. त्याची पकड पक्की, पण तो जाड, सूज जास्त. मावशींची कातडी पातळ, म्हणून मी पहिला निवडला होता.

"तोंड मोठं उघडू नका म्हटलं होतं ना?"

"न्हाईच उघडलं. पेज पिऊन ऱ्हायले."

"मग दिवसभर करत काय होता?"

"धंदा. दुसरं काय?" आणि त्यांनी हाक घालून दाखवली. "बांगड्याऽऽ घ्या बांगड्याऽऽ!" बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले.

मी कपाळाला हात लावला. फॉर्मवर मीच लिहिलं होतं, व्यवसाय बांगड्यांचा. शुगर विचारली, बीपी विचारलं, मिश्रीसुद्धा विचारली. बांगड्या विकतात कशा, एवढंच विचारलं नाही. चूक माझी होती, तसं त्यांना सांगितलं.

काही दिवस जाऊ दिले. मग साच्यातले जाड धागे घातले, वरचं टोक कानशिलाच्या घट्ट भागात अडकवलं. पंधरा दिवस हाक बंद. हाका घालायला सून बरोबर जायची. "तिची हाक म्हंजी मांजर बोलतंय," मधल्या तपासणीला मावशींनी ओठ न हलवता मला ऐकवलं.

दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मी चहा मागवला. कप रिकामा झाला, हनुवटी कोरडी. धागा चेहरा पाहून निवडावा, हे पुस्तकात असतं. त्या चेहऱ्याला दिवसभर काय काम पडतं तेही विचारावं, हे मला उशिरा कळलं.

तरी एक सांगणं भाग होतं. "मावशी, हाही धागा वर्षभरात विरघळेल. गाल पुन्हा उतरेल."

"वरीस लय झालं, ताई," पिशवी उचलत त्या म्हणाल्या. "रुसल्याली घरं धाच हायेत."