जप्तीला मिळालेला नारळ

शालीला येणारा डांबरगोळीचा वास नाकात गेला की मला नांदगाव पेठेतली ती बंद सूतगिरणी आठवते. सरकारी भांडवलावर उभी राहिलेली आणि चेअरमनने खाऊन ढेकर दिलेली. वसुलीसाठी आमचं पथक जप्तीला गेलं, तेव्हा यंत्रं कधीच भंगारात विकली गेली होती. शेडमध्ये नुसती कबुतरांची घाण. चेअरमन मात्र पांढऱ्याशुभ्र कपड्यांत शाल-श्रीफळ घेऊन गेटवर उभा. "साहेब पहिल्यांदा आले, सत्कार त करू द्या मले," म्हणाला. ज्याच्या मालमत्तेवर टाच आणायची, त्याच्यापुढे आमच्या साहेबांनी मान वाकवून शाल घेतली. पंचनाम्यात एक मोडकी खुर्ची लिहिली, तर तो हसून म्हणाला, "कबुतरं बी घेऊन जा न साहेब, तेवढेच उरले." परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने नारळ फोडला. जनतेच्या पैशातून वसूल झालेली ती एकमेव चीज, तीही नासकी निघाली. परवा अकोल्यात, जठारपेठेतल्या एका समारंभात पुन्हा तोच वास आला. चेअरमनची एका नव्या सरकारी कंपनीवर नेमणूक झाली होती आणि आमचे निवृत्त साहेब त्याला शाल पांघरत होते. नारळ मात्र त्यांनी आधी कानाशी हलवून पाहिला असणार.